ओल्या मालाची कट्टी

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

धुळ्याच्या दवाखान्यातून आज घरी आलो. ही वही कुंदनने, म्हणजे माझ्या मुलाने, येताना घेऊन दिली. रोज सकाळी वजन करून लिहायचं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. नुसतं वजन लिहायला एवढी जाड वही लागत नाही, तेव्हा उरलेल्या जागेत माझंही लिहीन. बायकोला, पुष्पाबाईला, माझं अक्षर लागत नाही आणि कुंदन नोकरीमुळे धुळ्यालाच राहतो. त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

दुखणं असं, की हृदय फेल आहे. हे ऐकून मी आधी स्वतःची नाडी पाहिली. फेल झालेला माणूस खुर्चीत बसून स्वतःचा निकाल ऐकतो, हे काही मला पटेना. मग बाईंनी समजावलं. बंद नाही पडलेलं, पंप अशक्त झालाय, ओढायचं तेवढं ओढत नाही, आणि पाणी मग पायात नि छातीत साचतं. शिरपूर तालुक्यातल्या माणसाला पंपाचं सांगितलं की लगेच कळतं. आमच्या बोअरची मोटरही एप्रिलमध्ये असंच करते.

पथ्यं पुष्कळ आहेत. मीठ अगदी नावाला. पाणी दिवसाला दीड लिटर, सगळं मिळून. गोळ्या वेळच्या वेळी, रोज झेपेल तेवढं चालणं, तंबाखू कायमची बंद. आणि वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की वाट न बघता फोन करायचा.

मी एकच विचारलं, की जानेवारीत आमच्या मळ्यात भरीत असतं, त्याचं काय. दरवर्षी चाळीस-पन्नास माणूस जमतं. वांगी मी भाजतो, मीठ माझ्या हाताने पडतं. बाई म्हणाल्या, वजन जागेवर राहिलं तर खुशाल जा. नाही राहिलं तर पुन्हा भरती व्हाल, आणि अशी प्रत्येक भरती पंपाला थोडी आणखी खचवते. हे शेवटचं त्या पुष्पाबाईकडे बघून बोलल्या. मला यंदाच्या भरिताला जायचंय आणि पुढच्याही, एवढं इथे लिहून ठेवतो.

२९ नोव्हेंबर

कुंदनने काचेचा वजनकाटा पाठवलाय. त्यावर पाय ठेवला की आकडे लाल होतात आणि थरथरतात. अशा घाबरट काट्यावर माझा विश्वास नाही.

मी बत्तीस वर्षं कापूस मोजला. व्यापारी बदलले, काटा माझाच राहिला. तो अजून गोठ्यात आहे, तेल-पाणी केलेला. आज सकाळी पुनाला बोलावलं. पुना माझा हमाल होता, अजून गावातच असतो. मी काट्यावर चढलो, त्याने वजनं सरकवली आणि दांडी समतोल झाल्यावर नेहमीच्या खड्या आवाजात आकडा पुकारला. एकोणसत्तर.

आता कापसाचा धंदा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, काट्यावरचं वजन हे खरं वजन नव्हे. त्यातून कट्टी जाते. पोत्याची वेगळी, काडीकचऱ्याची वेगळी आणि माल ओला असला तर ओलीची वेगळी. ओल म्हणजे पाणी, आणि पाण्याला कोणी माल म्हणत नाही. त्याप्रमाणे धोतर, बंडी, टोपी मिळून एक किलो कापला. वजन अडुसष्ट. दवाखान्यानेही अडुसष्टच सांगितलं होतं. बत्तीस वर्षांचा हात असा वाया जात नाही.

१ डिसेंबर

वजन अडुसष्ट.

काल दिवसभर अळणी जेवलो. आमची झणझणीत फौजदारी डाळ खाल्ली तर तिच्यात ना फौजदार होता ना शिपाई. तोंडी लावायला बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, मागितली तर पुष्पाबाई म्हणाली की बिबडीत मीठ असतं. लोणच्याचं नाव काढलं तर तिने बरणीच उचलून नेली. मिठाचा डबा तिने कुठेतरी हलवलाय.

पण आज एकादशी होती आणि मला रस्ता सापडला. आमच्या घरी उपवासाला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. म्हणजे सैंधव हे मीठ नाही, हे शास्त्रानेच सांगितलेलं आहे. मीठ असतं तर उपवास मोडला नसता का? पुनाकडून एक पुडी आणवली. बंडीच्या खिशात ठेवलीय. आजारामुळे मला उपवास नाही, तेव्हा वरणात चिमूटभर टाकली आणि डोळ्यांत पाणी आलं. पुष्पाबाईला सांगितलेलं नाही, कारण तिच्याशी शास्त्रार्थ करण्यात अर्थ नाही.

५ डिसेंबर

वजन अडुसष्ट.

लोक बघायला येतायत. आज सकाळपासून सात घरं येऊन गेली. आलेल्या माणसाला चहा द्यावाच लागतो, आणि घरचा माणूस कोरडा बसला तर पाहुणा कप तोंडाला लावत नाही. पाहुण्यासाठी म्हणून मी प्रत्येकाबरोबर अर्धा कप घेतो. पाण्याचं मात्र कडक पाळतो. दीड लिटरची बाटली कुंदनने खूण करून दिलीय, ती आज संध्याकाळी अर्धीसुद्धा संपली नव्हती. हे मी पुष्पाबाईला अभिमानाने दाखवलं.

ती म्हणाली, "पानी नई पिनात, मंग दिनभर चहा काय दगडना पिनात का?"

मी म्हटलं, चहा हा चहा असतो. बाईंनी पाणी म्हटलं होतं. यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती अशी पाहते तेव्हा मी विषय बदलतो. संध्याकाळी दूध-भात आणि पातळ कढी खाल्ली. तेही पाणी नव्हे.

चोपड्याहून मेहुणा आला होता. त्याने सांगितलं की त्यांच्या गावात एकाला हाच आजार होता आणि तो लसूण खाऊन बरा झाला. कोणत्या आजारातून कोणता माणूस बरा झाला, याची खात्री मात्र त्याला देता आली नाही. अर्धा कप त्याच्याबरोबरही झाला.

९ डिसेंबर

वजन अडुसष्ट. पुनाने सत्तर पुकारलं होतं, पण रात्री गारठा होता, हवेत ओल होती. शिवाय जाड बनियान. दोन किलो कट्टी धरली.

उशांविषयी लिहायचं आहे. एका उशीवर मला आता झोप लागत नाही, आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. दोन घेतल्या तरी तेच. आज तिसरी लावली तेव्हा बरं वाटलं. कारण उघड आहे, उशांमधला कापूस बसलाय. मी तेव्हाच सांगत होतो की हा आखूड धाग्याचा कापूस भरू नका, पण घरात कापसातलं कोणाला कळतं? पुष्पाबाई रात्री मध्येच उठून माझ्या तोंडापाशी हात धरते. विचारलं तर म्हणते, मच्छर होता.

१२ डिसेंबर

आज काट्यावर थोडा पेच पडला. पुनाने एकाहत्तर पुकारलं. मी म्हटलं पुन्हा बघ. पुन्हा एकाहत्तर. काटा खोटा बोलत नाही, तेव्हा खोट मालातच असणार. पुना म्हणाला, थांबा, माल पाहतो. कापूस आला की मुठीत दाबून त्याची ओल सांगायची, ही त्याची जुनी कला. त्याच्यापाशी यंत्र नव्हतं पण चूकही नव्हती. तो खाली बसला आणि त्याने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी तिथे खड्डा राहिला. आम्ही दोघं बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिलो.

"भाऊ," तो म्हणाला, "माल वला शे."

मी विचारलं, किती ओला? त्याने दुसऱ्या पायावरही दाबून पाहिलं आणि दोन्हींचा मेळ घालून निकाल दिला, की ओलीचे अडीच किलो आणि कपड्यांचा अर्धा. म्हणजे तीन किलो कट्टी. मी घासाघीस केली नाही. पुनाचा अंगठा आजवर कोणत्याच व्यापाऱ्याने खोडून काढलेला नाही. वजन अडुसष्ट.

वजन पंधरा दिवस एका जागी ठेवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. बाईंनाही नवल वाटेल.

१५ डिसेंबर

वजन अडुसष्ट, कट्टी वाढती आहे. थंडीत माल असाच येतो.

चालायला जातो. आधी मारुतीच्या पारापर्यंत जायचो, आता शाळेच्या फाटकाशी बसावं लागतं. ग्रामपंचायतीने रस्ता नव्याने केला त्यात चढ केला असावा. मी पुनाला विचारलं, तो म्हणाला की त्याला तर सपाट वाटतो. पण पुनाला आयुष्यभर क्विंटलाची पोती पाठीवर घेऊन चालायची सवय, त्याला चढ कळणार नाही. येताना चपलेचा अंगठा तुटला. दोन्ही चपला एकाएकी घट्ट झाल्यात. हल्लीचं चामडं थंडीत आकसतं.

कुंदनचा फोन आला. त्याने वजन विचारलं, मी अडुसष्ट सांगितलं. तो फार खूश झाला. म्हणाला, नाना, मला रात्री झोप येत नव्हती, आता येईल. मला फार बरं वाटलं. पोरगा चांगला आहे. वीस तारखेला बाईंना दाखवायचं, मग भरिताची तारीख पक्की करू असं ठरलं.

१९ डिसेंबर

रात्र खुर्चीत बसून काढली. चार उशांनीही भागेना. घरातला सगळा कापूस एकदा पिंजून घेतला पाहिजे.

पुष्पाबाईने मध्येच कुंदनला फोन लावायला घेतला. मी लावू दिला नाही. उद्या जायचंच आहे, आणि वजन जागेवर असताना उगाच बोभाटा कशाला?

२२ डिसेंबर, सोमवार. दवाखाना.

आज हातातली सुई काढली म्हणून लिहू शकतो. झालं ते क्रमाने लिहितो, सगळं.

शनिवारी दवाखान्यात शिरलो तर तिथल्या नर्सने मला काट्यावर उभं केलं. त्र्याहत्तर. मी म्हटलं, पोरी, यात कट्टी धर. तिला कट्टी माहीत नव्हती. मी समजावून सांगितलं, की पाच किलो ओल आहे, ती वजा केली की अडुसष्ट राहतात, आणि हा भाव आमच्याकडे जाणत्या माणसाने पाय दाबून ठरवलेला आहे. ती पळतच बाईंना घेऊन आली.

बाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. बरोबर त्याच जागी, जिथे पुना दाबतो. खड्डा पडला. त्यांनी विचारलं की हा खड्डा कधीपासून पडतोय. मी बारा तारीख सांगितली. मग उशा विचारल्या, चपला विचारल्या, चालणं विचारलं. मी सगळ्यांची कारणं दिली. उशांच्या कापसाचं सांगत होतो तेव्हा बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसू आवरत होत्या की काय होत्या, मला कळलं नाही.

मग त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "नाना, तुम्ही रोज जी ओल वजा करत होतात, तीच मला मोजून हवी होती."

पायातलं पाणी, छातीतलं पाणी, रात्री उरावर बसणारं पाणी, ते सगळं मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने कापून टाकत होतो आणि वर शाबासकीची वाट बघत होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

त्याच वेळी बंडी काढायला सांगितली आणि खिशातून सैंधवाची पुडी पडली. बाईंनी उचलून वास घेतला. मी एकादशीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, देवाला चालत असेल, पण तुमच्या हृदयाला हे आणि ते मीठ एकच. चहा, दूध, कढी, ताक, ताटात जे जे हलतं ते सगळं दीड लिटरात धरायचं. पुष्पाबाई बाजूलाच उभी होती. तिने पुडीविषयी एक शब्दही काढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दोन दिवस सुईतून औषध दिलं. इतक्या वेळा लघवीला गेलो की शेजारच्या खाटेवरच्या माणसाने माझ्यासाठी दार उघडंच ठेवायला सुरुवात केली. आज एका उशीवर झोपलो. उशी दवाखान्याची, तिच्यातला कापूस तर आमच्यापेक्षा भिकार होता.

बाई म्हणाल्या, आणखी चार दिवस घरी काढले असते तर कदाचित इथवर आणता आलं नसतं. मी भ्यालो. कुंदन बाहेर जिन्यावर जाऊन उभा राहिला.

२६ डिसेंबर

काल घरी आलो. दवाखान्यातून निघताना अडुसष्ट होतं. पुना सकाळी आला नाही. निरोप पाठवला तरी आला नाही. पुष्पाबाई म्हणाली, त्याला कोणीतरी सगळं सांगितलंय, तेव्हापासून तो ओट्यावर येत नाही.

मग मीच चालत गेलो. त्याचं घर पाराच्या पलीकडे. मध्ये कुठेही बसलो नाही. रस्त्याला चढ नाही, हे इथे ग्रामपंचायतीच्या बाजूने नोंदवतो.

पुना दारात पाठ करून बसला होता. मी म्हटलं, चल, काटा वाट बघतोय. तो मान हलवून नाही म्हणाला. मी म्हटलं, कट्टीची चाल माझी होती, तू तर फक्त ओल सांगितलीस, आणि ती अगदी खरी सांगितलीस. तरी तो वळेना. मग बोलला, पण भिंतीकडे बघत.

"भाऊ, मना अंगठाले समजनं, माले नई समजनं. तुमी मरी जातात."

मी त्याच्या शेजारी बसलो. त्याची सून चहा घेऊन आली, मी हात जोडले. पुनाने दोन्ही कपांकडे पाहिलं आणि आपलाही परत पाठवला. मग आम्ही दोघं उठलो आणि काट्यावर गेलो. त्याने आकडा इतक्या मोठ्याने पुकारला की पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी विचारलं, कापूस कुणाचा? साडेअडुसष्ट. वजा काही नाही. दुपारी कुंदनला फोन करून तोच आकडा सांगितला. त्याने दोनदा विचारून घेतला. तेवढा विश्वास मी गमावलाय, तो भरून यायला वेळ लागेल.

३ जानेवारी

एकोणसत्तर. परवा सत्तर झालं होतं. फोन केला. बाईंनी गोळी वाढवली, उतरलं. फोन करण्यात एवढं काहीच नव्हतं. चहा आता दिवसातून एकदा, पाहुणा कितीही मोठा असो. मेहुणा पुन्हा आला, त्याला मी एकट्याने प्यायला लावला. तो जरा रुसला, पण प्यायला.

अळणी अन्नाला लिंबू पिळलं की थोडी वाचा फुटते. कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची हे चालतं. जीभ हळूहळू वळते म्हणतात. माझी अजून तशीच आडमुठी आहे.

बाईंनी परवानगी दिली. अकराला भरीत.

११ जानेवारी, रविवार

अडुसष्ट.

आज मळ्यात भरीत झालं. मला इथवर येता आलं, याचा आनंद किती झाला ते लिहायला मला लाज वाटत नाही. सकाळी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या आणि वांग्याची साल तडकली तेव्हा मी उघड उघड रडलो. धूर डोळ्यांत गेला असं पुनाने सगळ्यांना सांगितलं.

वांगी मी बसून भाजली, ठेचायला बडगीवर, म्हणजे लाकडी काठवटीवर, मुलं होती. मग मीठ घालायची वेळ आली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. दरवर्षी ते माझ्याच हाताने पडतं. बायकांनी माझ्यासाठी थोडं भरीत बाजूला काढून ठेवलं होतं. पण मला एकट्याचा वेगळा वाडगा घेऊन पंगतीत बसायचं नव्हतं. मी म्हटलं, बडगीत मीठ पडणार नाही. डबा मध्ये ठेवा, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. बेत मला चांगला वाटला होता.

पंगत बसली. मी पहिला घास घेतला. डबा मध्ये तसाच राहिला. कोणी हात लावेना. मी खातोय आणि आपण मीठ घ्यायचं, हे कोणाला जमेना. पन्नास माणसं अळणी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी, मान डोलवत खात होती. एक म्हणाला, यंदा वांग्याची खरी चव लागली. दुसरा म्हणाला, मिठाने चव मरतेच. कुंदन धुळ्याहून आला होता, त्याने तर आणखी वाढायला सांगितलं, आणि ताटात ते बघून त्याचा चेहरा पडला. पुना एकेक घास पाण्याबरोबर औषधासारखा गिळत होता. मला सगळं दिसत होतं. बत्तीस वर्षं मी माणसांचे चेहरे पाहूनच भाव ओळखलेत.

मी हात धुवायचं निमित्त करून उठलो आणि केळीच्या पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी गेलो. पानांमधून वळून पाहिलं. मी दिसेनासा झालो तसा डबा उचलला गेला होता आणि पंगतभर सुसाट फिरत होता. पुनाने तर मूठच भरली. कोणीतरी माझ्या दिशेने नजर ठेवायला एक म्हातारा बसवला होता.

फिरत फिरत डबा पुष्पाबाईपाशी आला. तिने तो न उघडता पुढे दिला आणि आपलं अळणी भरीत खात राहिली. शेजारणीने काहीतरी विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. तिच्या हातात भाकरीचा तुकडा ज्या सवयीने चालत होता, त्यावरून मला कळलं की हे आजचं नाही. घरात दीड महिना एकच भांडं चुलीवर चढत होतं आणि मला वाटत होतं की मी एकटाच भोगतोय.

मी टाकीपाशी उभा राहिलो आणि हात पुन्हा धुतले. डबा मधल्या जागी परत ठेवला जाईपर्यंत धूत राहिलो. मग मुद्दाम खोकत खोकत पंगतीत आलो, आणि माझ्या जागेवर न बसता पुष्पाबाईच्या शेजारी बसलो.